थॉमसनवाल्यांच्या घरात ग्रिलो: निफाड, सांजेगाव आणि इतर अनोळखी बाटल्या

नाशिकची वाइन म्हटलं की पाहुण्यांच्या तोंडी एकच नाव येतं. मुंबई-पुण्याची मंडळी शनिवारी सुला वायनरीला जातात, टेस्टिंग करतात, सूर्य मावळताना ग्लास धरून फोटो काढतात, दोन बाटल्या उचलतात आणि रविवारी मिसळ हाणून परतीच्या रस्त्याला लागतात. माझा त्यांच्यावर राग नाही. सुलाच्या राजीव सामंतांनी २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या नसत्या, तर वाइनच्या नावाने या जिल्ह्याकडे कोण फिरकलं असतं? पण आमच्या घरी हल्ली ज्या बाटल्या येतात त्यांची नावं वाइन शॉपवाल्याला दोनदा सांगावी लागतात. ‘ग्रिलो आहे का?’ असं एका पांढऱ्या वाइनबद्दल विचारल्यावर एकाने मला शेजारच्या तंदूरवाल्याचा रस्ता दाखवला होता.

माझं माहेर पिंपळगाव बसवंतच्या पुढचं. घरची द्राक्षबाग, सगळ्या खायच्या द्राक्षाच्या जाती: आजोबांपासून थॉमसन, मधे काही वर्षं सोनाका, एका तुकड्यात काळी शरद. लग्नानंतर नाशकात आले, नोकरी सहकारी बँकेत. वाइनचा कोर्स वगैरे काही केलेला नाही. ग्लास फिरवून ‘ओल्या जंगलाचा आणि जुन्या चामड्याचा वास’ सांगणारे लोक भेटले की मी हळूच पकोड्यांच्या टेबलाकडे सरकते. पण घड हातात घेऊन माल तोडणीला कधी येईल हे मला सांगता येतं, आणि बाटलीत शेवटी तोच घड असतो.

वाइनच्या द्राक्षाचं गणित आमच्या गणिताच्या बरोबर उलटं आहे, हे आधी समजून घेतलं पाहिजे. आमच्याकडे मणी फुगला पाहिजे. युरोपला माल जायचा तर मणी सोळा-अठरा मिलिमीटरच्या पुढे, बी नको, साल पातळ, देठ हिरवागार. त्यासाठी जीएचे डिप (मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाच्या पाण्यात घड बुडवणं), विरळणी, घडाच्या पाकळ्या म्हणजे फाटे मोजून ठेवणं, सगळी उठाठेव. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत कडकडीत बिया. ते बरोबरच आहे, कारण रंग, वास आणि तुरटपणा सालीत राहतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. आम्ही एकरी दहा-बारा टनांची वाट बघतो, तर चांगल्या वाइनवाल्याला चार-पाच टनांवर समाधान असतं, उलट त्याहून जास्त माल लागला तर तो घड काढून जमिनीवर टाकतो. दादाने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो बांधावरच बसला. एक घड उलटा-सुलटा करून म्हणाला, “हा माल आपल्या बागेत असता ना, तर व्यापारी गाडीतून खालीच उतरला नसता.”

आणि थंडी. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत पेपरात बातमी येते, निफाडचा पारा घसरला. तो आकडा निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजलेला असतो. त्या रात्री आमच्या बागांमध्ये शेकोट्या पेटतात, पहाटे पाणी सोडलं जातं, कारण साखर भरत आलेला मणी थंडीने तडकतो आणि वर्षाचं पीक हातचं जातं. वाइनवाल्याला मात्र याच थंड रात्री हव्या असतात. दिवसा ऊन मिळाल्याने साखर चढते, रात्री गारठा असला की द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो, आणि आंबटपणा गेला की वाइन नुसतं दारू घातलेलं सरबत होते. ज्या पाऱ्याच्या बातमीने आमच्या आईची झोप उडायची, त्याच पाऱ्यावर त्याच कुंदेवाडीत एक वायनरी चांगली पांढरी वाइन करते.

ती वायनरी रेव्हेलो. यतीन पाटील यांच्या घराण्याची इथली द्राक्षशेती काही पिढ्यांची, म्हणजे मुळात आमच्यासारखेच बागायतदार. त्यांनी आंद्रेया व्हॅलेंतिनुझी या इटालियन वाइनमेकरला हाताशी धरलं आणि इतर लोक फ्रान्सच्या ठरावीक चार-पाच जातींमागे लागलेले असताना सिसिली बेटावरच्या दोन जाती निफाडात लावल्या: पांढरी ग्रिलो आणि काळी नेरो दाव्होला. मला यातला शेतकरी डोक्याचा भाग आवडतो. सिसिली म्हणजे रणरणतं ऊन. तिथली जात आपल्या फेब्रुवारी-मार्चच्या उन्हाला घाबरणार नाही, हा साधा हिशेब. युरोपातल्या थंड गावची नाजूक जात आणून इथे तिला छत्री धरत बसण्यापेक्षा हे बरं.

ग्रिलोबद्दल सांगते, कारण हा सगळा खटाटोप मी तिच्यासाठीच करते आहे. सिसिलीत ही जात मार्साला नावाच्या कडक गोड वाइनमध्ये जात असे; साधी, कोरडी, ताजी पांढरी वाइन म्हणून तिला मान मिळाला तो बराच नंतर. निफाडच्या ग्रिलोचा रंग अगदी फिका, जवळजवळ पाण्याचा, कडेला हिरवट झाक. नाक लावलं की आधी लिंबाची साल, मग कच्चट पांढरा पेरू. ग्लास जरा कोमट झाला की त्यामागून एक वास येतो, जो मला फार ओळखीचा वाटला आणि बराच वेळ आठवेना. तो बागेतल्या फुलोऱ्याचा निघाला. द्राक्षाच्या फुलोऱ्याला वास असतो हे शहरात कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. छाटणीनंतर महिना-सव्वा महिन्याने सकाळी बागेत शिरलं की दहा मिनिटं तो असतो, मग ऊन चढलं की जातो. तोंडात घेतल्यावर ही वाइन कोरडी, गोडीचा मागमूस नाही, आंबटपणा स्वच्छ, आणि घोट गिळल्यावर शेवटी किंचित खारट. हा खारटपणाच मला पुढचा घोट घ्यायला लावतो.

तिच्यासोबत आमच्याकडे कोथिंबीर वडी होते. खमंग तळलेली, तीळ लावलेली. तळणीचं तेल आणि बेसन या वाइनच्या आंबटपणाने धुऊन निघतं. वडीत मिरची मात्र बेताची. सुरमईच्या तव्यावरच्या तुकडीबरोबर तर प्रश्नच नाही. भरताबरोबर मला ती कमी पडली. वांग्याचा धूर तिला खाऊन टाकतो. आणि फार गार करू नका. फ्रीजच्या तळातून थेट काढलेली कुठलीही पांढरी वाइन नुसती गार लागते, बाकी काही कळत नाही. बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवली की तोंड उघडते.

नेरो दाव्होला हा तिचा काळा भाऊ. रंग गडद, पण जाभाड बांधणारी तुरट नाही. जांभूळ, आलूबुखार, थोडी काळी मिरी. आपल्याकडच्या रेड वाइनबद्दल माझी मूळ तक्रार अशी की बऱ्याच जणींवर मुरवायच्या पिंपाच्या ओक लाकडाचं इतकं ओझं टाकलेलं असतं की द्राक्ष कुठलं हे कळायची सोय उरत नाही. एका नावाजलेल्या लेबलची महागडी बाटली आम्ही दिवाळीला उघडली होती. व्हॅनिला, खोबरं, फर्निचरच्या दुकानाचा वास, सगळं होतं, द्राक्ष नव्हतं. नाव लिहीत नाही. नेरो दाव्होलात फळ पुढे आहे आणि लाकूड मागे, निदान मी प्यायलेल्या बाटल्यांमध्ये तरी.

हिच्यासोबत काळ्या मसाल्याचं मटण खायचं, पण एक पथ्य पाळून. तिखट आणि तुरट यांचं जमत नाही. लाल मिरचीने पेटलेल्या तोंडात तुरट, जास्त अल्कोहोलची रेड गेली की आग दुप्पट होते आणि वाइन कडू लागते. म्हणून खानदेशी पद्धतीचं झणझणीत मटण असेल तर रेड राहू द्या, थोडी गोडसर पांढरी घ्या. आमच्या वहिनी करतात तसं, कांदा-खोबरं भाजून केलेलं, मसाल्याचा सुगंध जास्त आणि तिखट कमी, अशा रश्शाला ही नेरो चांगली धरते. दादाने पहिल्यांदा घेतली तेव्हा त्याने त्यात बर्फ टाकला. वहिनींनी डोळे वटारले. मी म्हटलं, टाकू दे. नाशकात एप्रिलमध्ये अडतीस-चाळीस अंश असतात. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे सांगणाऱ्यांच्या खोल्या सोळा-अठरा अंशांच्या असतात. बर्फ नको, पण रेडची बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवण्यात काहीही लाजिरवाणं नाही.

कुंदेवाडीची तिसरी बाटली छोटी आहे, ३७५ मिलीची, लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ. शेनिन ही मुळात फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली जात, नाशिकला इतकी मानवली की आता ती इथलीच वाटते. नेहमीची वाइन करायला द्राक्ष बावीस-चोवीस ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतात. आमचा खायचा माल अठराच्या आसपास निघतो, म्हणजे वाइनचं द्राक्ष आमच्यापेक्षा गोड, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. लेट हार्वेस्टमध्ये घड त्याही पुढे वेलीवर ठेवतात. मण्यातलं पाणी कमी होत जातं, साखर घट्ट होते, साल सुरकुतते. मग रस आंबवताना यीस्टला सगळी साखर संपवता येत नाही, उरलेली वाइनमध्ये राहते. द्राक्ष इतके दिवस वेलीवर ठेवायचं म्हणजे काय धाडस आहे हे पिंपळगावच्या माणसाला विचारा. मार्चमध्ये एक अवकाळी सर आली, गारांचा एक तडाखा बसला, की खेळ खलास.

ही वाइन पिवळ्या सोन्याच्या रंगाची. मध, जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा मुरांबा. गोड आहे, पण चिकट नाही, कारण खालून आंबटपणा उचलून धरतो. गोड वाइन म्हणजे बायकांची, हलकी, असं आपल्याकडे एक खूळ आहे. माझ्या मिस्टरांचंही होतं. आता फ्रीजमध्ये ही छोटी बाटली असली की तिची पातळी आपोआप खाली जाते. पुरणपोळीबरोबर मी मोठ्या उत्साहाने करून पाहिलं आणि ते जमलं नाही. पक्वान्न वाइनपेक्षा गोड असलं की वाइन आंबट पडते, आणि आमच्याकडची पुरणपोळी कुणाला हार जात नाही. खारवलेले काजू, शेंगदाणे, किंवा सरळ कोंडाजीचा चिवडा घ्या. गोड आणि खारट-तिखट ही जोडी आपल्या तोंडाला लहानपणापासून माहीत आहे.

निफाडहून उलट्या टोकाला, इगतपुरीच्या बाजूला सांजेगाव. इथली व्हॅलोने ही २००९ ची, लहान वायनरी, शैलेंद्र पै यांनी काढलेली. समोर मुकणे धरणाचं पाणी, मागे डोंगर. जाण्यासारखी जागा आहे, राहायला मोजक्या खोल्या आहेत, पण मी जागेबद्दल लिहीत नाही. इथे दोन बाटल्या बघाव्यात. एक माल्बेक. ही जात मूळची फ्रान्समधल्या काओरची, नाव काढलं अर्जेंटिनात जाऊन, आणि भारतात तिच्यासाठी व्हॅलोनेचं नाव घेतलं जातं. जांभळट काळा रंग, दाट, आणि अंगाने भरलेली असूनही घशाशी मऊ. बार्बेक्यू वगैरे सोडा, तव्यावर कोरडं केलेलं मटण सुकं आणि भाकरी. यापुढे मी काही सांगायला नको.

दुसरी व्हां द पासरियाज. नाव उच्चारायला मलाही सराव करावा लागला. द्राक्ष अर्धवट सुकू देऊन, मग त्यातल्या घट्ट रसाची केलेली गोड वाइन. आमच्या बाजूच्या शेतकऱ्याला हे समजवायला दोन वाक्यं पुरतात: बेदाण्याच्या अर्ध्या वाटेवर थांबायचं आणि तिथून वाइनकडे वळायचं. रेव्हेलोच्या लेट हार्वेस्टपेक्षा ही जड आहे. अंजीर, काकवी, मनुका. एका वेळी अर्ध्या पेल्याहून जास्त मला जात नाही. दोघींतली एकच घ्यायची असेल तर मी निफाडची घेईन, पण दादाचं मत विरुद्ध आहे. त्याच्या मते सांजेगावची ‘खरी द्राक्षाची लागते’. या बाबतीत त्याचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा, म्हणून नोंदवून ठेवते.

नाशिकबाहेरचं थोडं. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीला आता अनोळखी म्हणता येणार नाही. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतले सेच्ची अशा तीन घरांनी मिळून उसाच्या मुलखात हा उद्योग उभा केला. पण त्यांची संजोव्हेजे बियांको ही बाटली लोक ओलांडून पुढे जातात. संजोव्हेजे हे तस्कनीचं काळं द्राक्ष आणि त्याची ही पांढरी वाइन. यात जादू काही नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस आत पांढराच असतो, शरदचा मणी सोलून बघा. साल रसात मुरू दिली नाही की रंग उतरत नाही. चव सौम्य, थोडी टरबुजाकडे जाणारी. उन्हाळ्यात दुपारी चांगली. पाहुण्यांना आधी पाजून मग द्राक्ष सांगायची गंमत वेगळीच.

आणि बोर्डीची चिकूची. पालघर जिल्ह्यात, घोलवडच्या चिकूवाडीच्या शेजारी, हिल झिल वाइन्स फ्रुझान्ते नावाने चिकूची, अननसाची अशी फळांची फसफसती वाइन काढते. द्राक्षाच्या वाइनशी तिची तुलना करू नये. चिकू माझ्या मते या कामासाठी अवघड फळ, कारण त्यात आंबटपणा जवळजवळ नाही, तरी त्यांनी त्याचा गुळचट वास बाटलीत पकडलाय. मला अननसाची जास्त आवडली. आमच्या भाचीला, जिला वाइन ‘औषधासारखी’ लागते, तिला चिकूची.

या अनोळखी बाटल्या अनोळखी का राहिल्या, याचा मोठा भाग चवीचा नाही. सुलाच्याही आधी १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने ओमर खय्याम ही फसफसती वाइन थेट परदेशात पाठवली होती. आमच्या पिंपळगावातही सहकारी तत्त्वावर, फ्रेंचांच्या मदतीने वाइन काढायचा प्रयोग झाला होता. मग २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, अबकारी शुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले, आणि जो तो वाइनची द्राक्षं लावू लागला. २००८-०९ च्या मंदीत हे सगळं आपटलं. आमच्या भावकीतल्या एकाचे पैसे एका वायनरीकडे अडकले, ते पुरते कधी आलेच नाहीत. त्याने त्याच खुंटांवर परत थॉमसनचं कलम भरलं. जिल्ह्यात असं कित्येकांनी केलं. त्या काळात ज्यांनी स्वतःच्याच बागेचं द्राक्ष वापरून, कमी बाटल्या काढून तग धरला, त्यांच्यापैकी काहींची वाइन आज पिण्यासारखी आहे. जाहिरातीला पैसा कुठून आणणार? आपल्याकडे दारूची जाहिरात तशीही सरळ करता येत नाही.

त्यात दुकानांची कथा. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या सुपर मार्केटमध्ये वाइन ठेवायला मंजुरी दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. ‘किराणा दुकानात दारू’ म्हणून मोर्चे, उपोषणाचे इशारे. निर्णय अमलात आला नाही. माझ्या सासूबाई त्या वेळी विरोधात होत्या आणि आजही आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण परिणाम असा की वाइन अजून देशी-विदेशीच्या त्याच जाळीच्या खिडकीतून घ्यावी लागते, मागे रांग, हातात काळी पिशवी. तिथे बाटली फिरवून लेबल वाचत उभं राहण्याची सोय बाईला तर सोडाच, पुरुषालाही नाही. अशा ठिकाणी माणूस तोंडातलं नाव मागतो. ग्रिलो मागत नाही.

म्हणून खिडकीत काय विचारायचं ते सांगते. पहिलं, वर्ष. आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे लेबलवर २०२४ असेल तर ते द्राक्ष २०२४ च्या सुरुवातीचं, आणि त्याची छाटणी २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातली. इथली पांढरी वाइन ताजी प्यायची चीज आहे. दोन वर्षांच्या आतली मिळाली तर उत्तम, चार वर्षांची स्वस्तात देऊ केली तर हात जोडा. मुरवायची म्हणून कपाटात ठेवू नका, आपली कपाटं तळघरं नाहीत. रेडला थोडी सूट. दुसरं, बाटली कुठे उभी होती. शटरच्या तोंडाशी, उन्हाच्या तिरिपेत, दोन उन्हाळे पाहिलेली बाटली कितीही भारी लेबलची असो, आत शिजलेली असते. एका दुकानातून आणलेल्या अशाच पांढऱ्या वाइनचा रंग चहाकडे झुकलेला निघाला आणि वास सुकलेल्या सफरचंदाचा. दुकानदार म्हणाला, ‘जुनी आहे मॅडम, म्हणून चांगली.’ आतल्या खोलीतली, खोक्यातली मागायची, त्याने कपाळाला आठ्या घातल्या तरी. तिसरं, फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका. ताज्या पांढऱ्या वाइनला ते बुचापेक्षा सोयीचं, शिवाय घरात बूच काढायचं यंत्र नेमकं वेळेवर सापडत नाही.

किमतीबद्दल पक्कं लिहीत नाही, दरवर्षी हलतात आणि मुंबईत वेगळ्या पडतात. ढोबळ सांगायचं तर ग्रिलोसाठी तुम्हाला नेहमीच्या नावाजलेल्या पांढऱ्या सॉव्हिन्यों ब्लाँच्या आसपासच खिशात हात घालावा लागतो, माल्बेक आणि दोन्ही गोड वाइन वरच्या. छोटी गोड बाटली महाग वाटते खरी, पण उघडून फ्रीजमध्ये ठेवली की ती आठवडाभर आरामात चालते. कोरडी पांढरी दोन-तीन दिवसांत संपवा.

शक्य असेल तर थेट वायनरीवर जा, आधी फोन करून. लहान ठिकाणी गेटवर माणूस असेलच असं नाही, आणि तोडणीच्या दिवसांत सगळे बागेत असतात. तरी जायचं तर याच दिवसांत, फेब्रुवारीत, सकाळी लवकर. पहाटे गारव्यात तोडलेल्या घडांची कॅरेट क्रशरपाशी येतात तेव्हा एक मणी मागून खा. गोड इतका की दात शिवशिवतात, मग बी दाताखाली येते आणि साल चावून चावून जीभ कोरडी पडते. दादाने तेच केलं, आणि नंतर टेस्टिंगच्या टेबलावर बाई नेरो दाव्होलातला तुरटपणा कुठून येतो ते समजावू लागल्या तर हा म्हणतो, “माहितीये, मघाशी खाल्ला.” पावसाळ्यात सांजेगावचा डोंगर हिरवा दिसतो, पण बागेत तेव्हा घड नसतो, नुसती काडी आणि पानं.

निघण्यापूर्वी कॅलेंडर मात्र बघा. आषाढी एकादशी, २ ऑक्टोबर, मतदान आणि मतमोजणीचे दिवस: ड्राय डे वायनरीलाही लागू असतो. त्या दिवशी बाग बघायला मिळते, बाटली मिळत नाही. आणि परराज्यात न्यायची असेल तर पावती बाटलीसोबतच ठेवा, तिकडचे नियम आधी विचारून घ्या. प्रत्येक राज्याचं अबकारी खातं वेगळं आणि प्रत्येकाचं म्हणणंही.